माणसं किती आणि टोपल्या किती

नागपुरात मी बोटीच्या मोटरी विकते असं सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो आणि मग खिडकीबाहेर. आपल्याला न कळवता समुद्र इथवर आला की काय, याची त्याला खात्री करून घ्यायची असते. समुद्र आलेला नाही. पण आमच्याकडे तलाव पूर्वीपासूनच भरपूर आहेत आणि आता धरणंही झाली आहेत. त्यांत मासे आहेत, मासे धरणाऱ्यांच्या सोसायट्या आहेत, पूर आला की धावणारी खाती आहेत आणि थोडे हौशी लोकही आहेत. या सगळ्यांना कधी ना कधी वल्हवायचा कंटाळा येतो. मग ते सीताबर्डीला आमच्या दुकानात येतात.

दुकान खरं म्हणजे शेतीच्या पंपांचं. मोटरी मागच्या खोलीत. मी इथे लागले ती इंग्रजी पत्रव्यवहारासाठी. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्रजी बरं होतं, आणि टाइपरायटरमागे बसलेल्या मुलीशी कोणी फारसं बोलत नाही अशी माझी समजूत होती. नोकरीचं मुख्य आकर्षण तेच होतं. पहिल्याच आठवड्यात आमचे मालक भुसारीसाहेब एक जाडजूड परदेशी कॅटलॉग घेऊन आले, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, हे वाच आणि यात काय लिहिलंय ते आम्हाला सांग. त्यातली निम्मी पानं प्रॉपेलरविषयी होती. मी वाचलं आणि सांगितलं. त्या दिवसापासून प्रॉपेलरचं गिऱ्हाईक आलं की सगळे माझ्या टेबलाकडे बोट दाखवू लागले. लाजाळू माणसाने कोणतंही कॅटलॉग शेवटपर्यंत वाचू नये.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बोटीच्या मागच्या फळीला जी मोटर अडकवतात तिच्या खालच्या टोकाला पाण्यात तीन पात्यांचा एक पंखा फिरतो. तो प्रॉपेलर. आमचे रामटेके मिस्त्री त्याला पंखाच म्हणतात. हा पंखा पाण्यात स्क्रूसारखा शिरत जातो. एका फेऱ्यात तो किती इंच पुढे जाईल, त्या मापाला पिच म्हणतात. पाती जास्त तिरकी असली तर पिच जास्त, म्हणजे एका फेऱ्यात मोठी ढांग. कमी असली तर छोटी पावलं. मोठ्या ढांगेचा पंखा हलक्या बोटीला सुसाट नेतो, पण वजन पडलं की मोटर धापा टाकते. तीन माणसं बसवून स्कूटर टॉप गिअरमध्ये सेमिनरी हिल्सच्या चढावर घालून पाहा, म्हणजे कळेल. छोट्या पावलांचा पंखा वजन निमूट ओढतो, पण बोट रिकामी असली की मोटर नुसती भन्नाट फिरते, किंचाळते आणि बोट काही त्या मानाने पळत नाही. मोटर बनवणाऱ्याने सांगितलेलं असतं की पूर्ण थ्रॉटल, म्हणजे पूर्ण रेस, दिल्यावर मिनिटाला इतके फेरे झाले पाहिजेत, कमी नको, जास्तही नको. नेहमीचं वजन बोटीत घालून तेवढे फेरे जो पंखा देईल तो तुमचा. बस, एवढंच शास्त्र आहे.

सगळी मेख त्या ‘नेहमीचं वजन’ या दोन शब्दांत आहे. कारण ते विचारावं लागतं.

आता कल्पना करा. समोर एक भरभक्कम गृहस्थ बसलेले. पान खाल्लेलं, अंगठ्या घातलेल्या. आणि आपण खाली मान घालून त्यांना विचारायचं, की तुमचं वजन किती. पहिले काही महिने मी ते विचारलंच नाही. अंदाजाने लिहायची आणि अंदाज नेहमी सभ्य असायचा, म्हणजे चुकीचा. शिवाय कोणी स्वतःहून ‘एकोणसत्तर’ म्हणालं, की ते साठच्या बाजूला आहे की सत्तरच्या पलीकडे हे मला क्षणभर कळायचं नाही. हे कॉन्व्हेंटचं देणं. शेवटी एका मे महिन्यात मला युक्ती सुचली. दुकानात पार्सलं तोलायचा तबकडीचा मोठा काटा होता. तो मी मिस्त्रींकडून ढकलून घेतला आणि छताच्या पंख्याच्या बरोबर खाली ठेवला. नागपूरच्या मे महिन्यात दुकानात शिरलेला माणूस आणखी कुठे उभा राहणार? येणारा प्रत्येक जण घाम पुसत आपणहून काट्यावर चढायचा आणि मी माझ्या जागेवरून तबकडी वाचायची. कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त भुसारीसाहेबांनी एकदा विचारलं की काटा रस्त्यात काहून ठेवला, आणि मी म्हटलं, झाडायला सोपं पडतं.

पण काट्यावर येतो तो एकटा गिऱ्हाईक. त्याच्याबरोबर बोटीत कोण बसणार आहे ते काट्याला कळत नाही. हे मला शिकवलं भंडाऱ्याकडच्या एका भाताच्या गिरणीवाल्यांनी. त्यांच्या मुलाचं लग्न तलावापलीकडच्या गावात होतं आणि नवरदेव बोटीतून न्यायचा त्यांनी निश्चय केला होता. बोट दिमाखात गेली पाहिजे, म्हणून पंखा वेगाचा हवा. मी विचारलं, माणसं किती. ते म्हणाले, आठ. मी आठाच्या हिशेबाने पंखा दिला. माणसं आठच बसली, त्यांच्या शब्दात फरक नव्हता. मात्र त्यातली पाच बँडवाली होती. मोठा ढोल, छोटा ढोल, पिपाण्या, आणि नवरदेवाचे मामा. मामांना मी नंतर फोटोत पाहिलं. ते एकटेच अडीच माणसं भरतील असे होते. बोट निघाली ती इतकी संथ, की काठाकाठाने चाललेली वऱ्हाडाची बैलगाडी पुढे निघून गेली. बँडवाल्यांची सगळी गाणी वाजवून संपली आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. अखेर मुलीचे वडील धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले आणि जावयाला दोरीने ओढून आणलं. लग्न वेळेवर लागलं. गिरणीवाले पुढे दुकानात आले तेव्हा रागावलेले नव्हते, उलट खूश होते. जावयाला पाण्यात उतरून ओढून नेणारा सासरा त्या तालुक्यात दुसऱ्या कोणाला मिळाला नव्हता. पण मी तेव्हापासून ‘माणसं किती’ असं नुसतं विचारायचं सोडलं. ‘कोण कोण’ असं विचारू लागले.

तरीही उमरेडच्या पलीकडे जे झालं त्याला या प्रश्नाचा उपयोग झाला नाही. तिथे प्रश्न कोणाला विचारायचा, हे आधी कळावं लागलं.

त्या भागात एक धरण झालं. नाव लिहीत नाही. पाणी चढलं आणि एक ढिवरांचं गाव पलीकडच्या काठाला गेलं. बाजार, दवाखाना, एस.टी.चा थांबा, सगळं अलीकडे राहिलं. रस्त्याने फिरून यायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून लोक डोंग्यातून, म्हणजे लांबट लाकडी होडीतून, ये-जा करायचे. गावाच्या मासेमारी सोसायटीने ठरवलं की आपणच मोटर लावून बोट चालवायची. बोट त्यांनी स्वतः बांधली, रुंद आणि दणकट. मोटर आमच्याकडून घेतली. फक्त खात्याचा परवाना बाकी होता, आणि त्यासाठी आणखी एक उमेदवार उभा होता. तो शहरातला एक ठेकेदार. त्याला उतारूही न्यायचे होते आणि धरण पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायचंही होतं. परवाना एकालाच मिळणार होता. खात्याचे साहेब बाजाराच्या दिवशी येणार, दोन्ही बोटी पाहणार आणि ठरवणार. सोसायटीला परवाना मिळाला नाही तर गावाला स्वतःच्याच पाण्यावरून जायला ठेकेदाराच्या मर्जीवर राहावं लागणार होतं. ठेकेदाराने आधीच सांगून ठेवलं होतं, की बोटीत ओली टोपली चालणार नाही, गादी खराब होते. मासे, शिंगाडे विकून पोट भरणाऱ्या गावाला कोरडी टोपली कुठून मिळणार?

सोसायटीचे सेक्रेटरी गणपत नान्हे दुकानात आले ते भुसारीसाहेबांना चाचणीसाठी न्यायला. भुसारीसाहेब मुंबईला माल सोडवायला गेले होते. नान्हे मिस्त्रींना म्हणाले, मग तुम्ही या. मिस्त्री म्हणाले, “मी निस्ते नट आवळतो. कोनता पंखा आवळायचा ते बाई सांगतात.” नान्हेंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटीत कधी बसलेले नव्हते आणि मला पोहता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी मी सांगितल्या नाहीत, कारण त्या त्यांनी विचारल्या नाहीत.

आम्ही दोन पंखे घेतले, एक अकरा इंच पिचचा, एक आठ. एस.टी.ने उमरेड आणि पुढे सोसायटीच्या ट्रॅक्टरवर. काठावर बाजार भरायला लागला होता. मिस्त्रींनी अकराचा पंखा चढवला, फेरे मोजायचा मीटर जोडला आणि सोसायटीची सहा माणसं घेऊन एक चक्कर मारली. बोट झकास गेली. फेरेही अगदी हवे तेवढे आले. नान्हे म्हणाले, परवान्याच्या अर्जात सहाच माणसं लिहिली आहेत, तर झालं काम. मिस्त्रींनी हात पुसले. माझंही काम झालंच होतं, फक्त साहेब येईपर्यंत वेळ काढायचा होता.

पुरुषांच्या घोळक्यात उभं राहणं मला जमत नाही. मी जरा लांब, शिंगाडे विकत बसलेल्या एका बाईजवळ जाऊन बसले. तिचं नाव कौसल्याबाई. काळी, हडकुळी, पन्नाशीची. तिने मला न विचारताच मूठभर उकडलेले शिंगाडे दिले आणि सोलता येत नाहीत हे पाहून स्वतः सोलून दिले. शहरातल्या पोरीला एवढंही येत नाही म्हणून तिने शेजारणीला हसून सांगितलं. मग मला म्हणाली, “काय करून राहिली वं इथं? नोकरी हाय का?”

मी सांगितलं, बोटीत सहा माणसं बसली तर कोणता पंखा लागेल ते पाहायला आले आहे.

“सहा?” तिने शेजारणीकडे पाहिलं. “बाप्पा! सहा तं आमच्या घरचेच होतात.”

मग दोघी मिळून सांगू लागल्या. जाताना शिंगाड्यांच्या, मासळीच्या टोपल्या. येताना तेल, मीठ, कोंड्याचं पोतं, एखादी कोंबडी, कधी नांगराचा फाळ. आणि डोंग्यात किती बसतात, याला आकडा नव्हता. जितके काठावर उभे असतील तितके. त्या गावची रीतच होती ती. काठावर कोणाला सोडून होडी हलत नसे. मागे सोडणं म्हणजे अपमान. लग्नाला न बोलावण्याइतका. कौसल्याबाईंच्या जावेला कोणे एके काळी एकदा मागे सोडलं होतं, तर सोडणाऱ्याचं आणि तिचं, अशी दोन्ही घरं अजून एकमेकांकडे हळदीकुंकवाला जात नव्हती.

नान्हेंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांची स्वतःची बायको त्या डोंग्यात बसत होती. पण पुरुष अर्जात काय लिहिलंय ते सांगत होते आणि बायका टोपल्या मोजत होत्या. दोघांनाही आपण खरंच बोलतोय असं वाटत होतं.

मी परत गेले आणि मिस्त्रींना सांगितलं, अकराचा काढा, आठचा लावा.

नान्हे चमकले. आठच्या पंख्याने बोट हळू जाईल हे त्यांना सकाळीच समजावून झालं होतं. तेवढ्यात ठेकेदाराची बोटही आली होती. लाल, चकचकीत, फायबरची. काठावरची पोट्टी तिला हात लावून पाहत होती. या लाल बोटीसमोर आपली बोट साहेबांपुढे रडतखडत न्यायची, म्हणजे परवाना हाताने ठेकेदाराला देण्यासारखं होतं. नान्हे मला हे अतिशय नम्रपणे सांगत होते आणि त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. शेवटी म्हणाले, “ताई, आमचं नाक काहून कापता?”

मला वाद घालता येत नाही. एरवी मी ‘बरं’ म्हणून मोकळी होते. पण कोंड्याचं पोतं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी म्हटलं, “साहेब एक दिवस बसतील. बाकीचे दिवस या बाया बसणार आहेत.” मिस्त्री पान्हा घेऊन पाण्यात उतरले. नान्हे माझ्याशी बोलायचे थांबले ते थांबलेच.

दुपारनंतर साहेबांची जीप आली. साहेब उंच, चांगलेच रुंद, आवाज मोठा. बरोबर ओव्हरसिअर, तलाठी आणि साहेबांची छत्री धरणारा शिपाई. आधी लाल बोट सुटली, ठेकेदार आणि त्याचा चालक असे दोघेच बसलेले. ती पाण्यावर अशी काही गेली, की खोटं कशाला बोलू, मलाही आवडली. वळण घेताना तिने फवारा उडवला. साहेब म्हणाले, वा. मग आमची. नान्हे आणि आणखी एक जण बसले, मिस्त्रींनी थ्रॉटल दिला. तीनच माणसं आणि आठचा पंखा. मोटर अशी किंचाळली की बाजारातली कुत्री भुंकायला लागली, आणि बोट आपल्या चालीने जाऊ लागली. मिस्त्रींनी झटकन थ्रॉटल कमी केला, तेव्हा ती आणखीच हळू झाली. साहेबांनी ओव्हरसिअरला विचारलं, की यात मसाला वाटतात काय. सगळे हसले. ठेकेदार सर्वांत उशिरापर्यंत हसत होता.

बोट काठाला लागली. उतरताना नान्हेंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी चपलेने वाळूत एक रेघ ओढत होते, ती पुसली आणि पुन्हा ओढली. परवाना गेला असं मला वाटलं. मिस्त्रींनाही वाटलं, कारण ते पान्हे मोजून पिशवीत भरायला लागले.

साहेबांना पलीकडचा काठ पाहायचा होता. उतारू कुठे उतरतील, जागा खडकाळ आहे का वगैरे. ते साहजिकच लाल बोटीत बसले. ओव्हरसिअर बसला, तलाठी बसला, शिपाई छत्रीसह बसला. नेमका तेव्हाच बाजार उठला होता. काठावर घरी जाणाऱ्यांची गर्दी झालेली. गावकऱ्यांनी पाहिलं की एक बोट पलीकडे निघाली आहे. मग त्यांनी तेच केलं जे ते नेहमी करत आले होते. ते बसले.

ठेकेदार नाही म्हणायला गेला, पण साहेबांसमोर त्याला ओली टोपली हा शब्द काढवेना. साहेब खेड्यातलेच असावेत. त्यांनी सरकून जागाच दिली. एक म्हातारा, दोन बाया, एक पोतं, मग कौसल्याबाई, मग तिची शेजारीण. चालकाने मोटर सुरू केली. बोटीचं नाक वर आकाशाकडे गेलं, मागची फळी खाली बसली, मोटर घुर्र घुर्र करत धूर ओकू लागली. मोठी ढांग टाकायची सवय असलेला तो पंखा, त्याला जागेवरून पायच उचलता येईना. चारदोन हात पुढे गेली असेल नसेल, तर मागून पाणी आत आलं. पाणी तिथे मांडीएवढंच होतं, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतं. फक्त साहेबांचे बूट भिजले.

मिस्त्रींनी दोरीने बोट ओढून काठाला घेतली. साहेब उतरले, बूट झटकले आणि आमच्या बोटीकडे पाहून म्हणाले, चला, हिच्यातून. ते बसले, त्यांची माणसं बसली, आणि लाल बोटीतलं आख्खं गाव त्यांच्यामागून या बोटीत आलं. शिवाय जे तिच्यात मावले नव्हते तेही आले. कोंबडी आली.

आमची बोट रुंद होती, एकदम कलली नाही. पण पाणी बोटीच्या कडेपर्यंत चढलेलं मला दिसत होतं. पंखा वजन ओढतो, बोटीचं पोट काही मोठं करत नाही. ती इथून सुटली असती, मध्यावर वाऱ्याने एखादी लाट उठली असती, तर काय झालं असतं ते सांगायला कॅटलॉगची गरज नव्हती.

साहेबांनी नान्हेंना विचारलं, बोटीत माणसं किती नेणार.

“सहा, साहेब,” नान्हे म्हणाले. त्यांना बोलतानाही एका बाईची टोपली पाठीत रुतत होती.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. सगळ्यांवरून नजर फिरवली. मग काठावर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुम्ही मोटरवाल्यांच्या ना? तुम्ही सांगा.”

मी म्हटलं, “दहा. दोन टोपल्यांना एक माणूस धरून.”

“आणि आत्ता?”

“आत्ता जास्त आहेत.”

“मग उतरवा.”

कोणी उतरलं नाही. का उतरलं नाही ते साहेबांना कळलं नाही, पण मला सकाळीच कळलेलं होतं. नान्हे बोटीकडे पाहत नव्हते, पाण्याकडे पाहत होते. एकाला जरी उतर म्हटलं असतं तर त्या घराशी त्यांचं जन्माचं वाकडं आलं असतं. म्हटलं नाही तर परवाना जात होता, तोही साहेबांच्या डोळ्यांदेखत. कौसल्याबाईंनी टोपली मांडीवर ओढून घेतली आणि समोर पाहत बसल्या. मिस्त्री माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, साहेबांच्या जागी दोन बाया जातात.

ते मलाही दिसत होतं. मी रोज तेच काम करते.

मी घाबरले की माझं इंग्रजी सुरू होतं. त्या क्षणी ते जिभेवर आलंही. इंग्रजीत म्हटलं असतं तर वाक्य गुळगुळीत झालं असतं आणि साहेबांपुरतं राहिलं असतं. पण ते बायकांनाही ऐकू जायला हवं होतं.

“साहेब,” मी म्हटलं, “आधी तुम्ही उतरा.”

कोंबडीने पंख फडफडवले. शिपायाच्या हातातली छत्री मिटली. साहेबांचा चेहरा लाल झाला की उन्हानेच लाल होता, मला ठरवता येईना.

“माझं वजन जास्त आहे म्हणून?”

“हो,” मी म्हटलं.

साहेबांनी दोन्ही हात फळीवर टेकले. मग उठले. भिजलेल्या बुटांनी बाहेर पाऊल टाकलं आणि बोट चक्क बोटभर वर आली. हे सगळ्यांनी पाहिलं. साहेब उतरल्यावर ओव्हरसिअर कसा बसणार? तो उतरला. तलाठी उतरला. शिपाई उतरला. साहेब उभे आहेत आणि आपण बसलोय, हे म्हाताऱ्याला बरं वाटेना, तोही उतरला. त्याच्यामागे सोसायटीचे पुरुष एकेक करून उतरले, आणि मग कोणालाच कोणी उतरवलं नाही असं झालं. आत राहिल्या त्या बाया, टोपल्या, पोतं आणि चालवायला नान्हे. मी मोजलं. दहा होत होते.

नान्हेंनी थ्रॉटल दिला. मोटर या वेळी किंचाळली नाही, तिने धापाही टाकल्या नाहीत. एका जाड, सलग आवाजात ती कामाला लागली आणि बोट पलीकडे निघाली, जड पण न डगमगता, नाक सरळ ठेवून. कौसल्याबाईंनी मागे वळून साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

परतीच्या फेरीची वाट पाहायला साहेब एका मोठ्या दगडावर बसले. बूट काढून बाजूला ठेवले. मला बोलावून विचारलं, मघाशी कोकलणारी मोटर आता शहाण्यासारखी कशी काय वागतेय. मी पंख्याची गोष्ट सांगितली. त्यांनी जीपकडे पाहिलं आणि म्हणाले, म्हणजे तुम्ही हिला पहिल्यापासूनच लो गिअरमध्ये ठेवलंत. मी हो म्हटलं. साहेब दुसऱ्या फेरीत पलीकडे गेले, मोजून.

परवाना सोसायटीला मिळाला. त्याची नक्कल नान्हेंनी दुकानात आणून दाखवली. एका फेरीत दहा माणसं, दोन टोपल्यांस एक माणूस धरावे, असं त्यात सरकारी मराठीत लिहिलेलं होतं. माझं वाक्य सरकारने घेतलं, याचा मला चोरटा आनंद झाला. नान्हे माझ्याशी पुन्हा बोलू लागले होते. भुसारीसाहेबांनी मात्र सगळी हकीकत ऐकून एवढंच विचारलं, की साहेब पुढची मोटर आपल्याकडूनच घेतील ना.

थोडं वाईट याचं वाटलं, की एक जुनी रीत माझ्यामुळे मोडली. काठावर कोणालाही न सोडणारं गाव आता दहा मोजून बाकीच्यांना सोडून जाणार होतं. मोजलेलं बरं, बुडण्यापेक्षा बरं, हे मला कळत होतं. तरी कौसल्याबाई शिव्या देत असतील असं मनात यायचं.

पुढच्या उन्हाळ्यात मोटरीच्या सर्व्हिसिंगसाठी मिस्त्रींबरोबर पुन्हा गेले. मिस्त्री पलीकडे आधीच पोचले होते, मी बाजारातून मागून आले. बोट सुटायच्या बेतात होती. एक धट्टाकट्टा गडी काठावर उभा राहून नान्हेंशी भांडत होता, की मला मागे ठेवता म्हणजे काय, मी काय परका आहे. नान्हे शांतपणे म्हणाले, “साहेब थांबले होते गा. तू कोन हायस?” गडी मागे फिरला. हे उत्तर तिथे नेहमीचं झालेलं दिसलं.

मी पाऊल पुढे टाकलं. मधल्या फळीवर कौसल्याबाई बसल्या होत्या, टोपली मांडीवर. त्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. आमच्या दुकानातला काटासुद्धा इतका वेळ घेत नाही. मग मान हलवली.

“दहा झाले वं,” त्या म्हणाल्या आणि हनुवटीने काठाकडे दाखवलं. “तिथं बस, साहेबाच्या दगडावर.”

बोट निघाली. गडी आधीच दगडाच्या एका टोकावर बसला होता, तो थोडा सरकला. मी बसले. दगड चांगलाच तापलेला होता.